एम.ए. लोकप्रशासनाचा फॉर्म : येण्याआधी आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी लावून बघा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

प्रवेश सुरू झाले की आमच्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न असतो, "लोकप्रशासनाच्या फॉर्मला किती वेळ लागेल?" कागद जुळत असतील तर पाऊण तास. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर महिना-दीड महिना, आणि तो वेळ ना तुमच्या हातात असतो ना आमच्या. हे पत्रक मुख्यतः त्या दुसऱ्या अडचणीसाठी छापलं आहे. पण आधी दोन गोष्टी.

कुठला फॉर्म, ते ठरवून या

नोकरी किंवा अभ्यास सांभाळून करणारे बहुतेक जण दोन ठिकाणी जातात : नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाहीतर इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ). पदवी कुठल्याही शाखेची चालते. बी.कॉम. झालंय, बी.एस्सी. झालंय म्हणून काही अडत नाही. खरा फरक माध्यमाचा आहे. नाशिकला मराठीतून पेपर लिहिता येतो. इग्नूत हिंदी किंवा इंग्रजी, तिसरा पर्याय नाही. "हिंदी काय, येतेच की" म्हणून हिंदीवर टिक करणारे बरेच असतात. पुस्तकं आल्यावर 'प्रत्यायोजन' आणि 'अधिकारी-तंत्र' वाचून तेच माध्यम बदलायचा अर्ज घेऊन परत येतात. एमपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणार असाल तर आमचं मत सरळ आहे : नाशिक. यूपीएससी इंग्रजीतून देणार असाल तर इग्नूची इंग्रजी पुस्तकं कामाला येतात, विशेषतः पहिल्या वर्षाचं एमपीए-०१२, प्रशासकीय सिद्धांत.

रोज कॉलेजला जाऊन करायचं असेल तर पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व लोकप्रशासन असा एकत्र विभाग आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत लोकप्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. त्या फॉर्मची प्रक्रिया वेगळी असते. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर त्या विद्यापीठाचं मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र लागतं, आणि ते काढायला लागणारा वेळ आधीच धरून चाला.

नगरपालिकेतल्या मंडळींसाठी एक खुलासा. एल.जी.एस. आणि एल.एस.जी.डी. हे अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे खात्याच्या कामाचे अभ्यासक्रम आहेत, एम.ए. लोकप्रशासन ही विद्यापीठाची पदवी आहे. बढतीसाठी कार्यालयाने नेमकं काय मागितलंय ते पत्र वाचून या. "साहेब म्हणाले प्रशासनाचं काहीतरी करून घ्या" एवढ्यावर आम्हाला फॉर्म उघडता येत नाही. सरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगीही घेऊन ठेवा, नंतर सेवापुस्तकात नोंद करताना ती विचारली जाते.

आणि हो, एम.ए. केल्याने एमपीएससीत जादा गुण मिळत नाहीत, तिथे कुठलीही पदवी पुरते. उपयोग आहे तो लोकप्रशासन वैकल्पिक विषय घेणाऱ्यांना, कारण अभ्यासक्रमाचा बराच भाग सामाईक आहे.

आता मुख्य मुद्दा : नाव

दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांसाठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२४ पासून डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडचा विद्यार्थ्याचा क्रमांक, सक्तीचा केला आहे. तो नसेल तर नाशिकचाही फॉर्म पुढे सरकत नाही आणि इग्नूचाही. डीईबी आयडी काढायला एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो, म्हणजे विद्यार्थ्याचा तो बारा आकड्यांचा क्रमांक, ज्याला आता अपार म्हणतात. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो, आणि डिजिलॉकर तुमचं नाव घेतं आधारवरून.

म्हणजे आधारवर जे छापलंय तेच नाव एकेक पायरी चढत विद्यापीठाच्या फॉर्मवर येऊन बसतं. मधे कुठेही आम्हाला ते हाताने दुरुस्त करता येत नाही. पुढे विद्यापीठ तेच नाव तुमच्या पदवीच्या गुणपत्रिकेशी ताडून बघतं, आणि जुळलं नाही की अर्जावर शेरा पडतो. तोवर तुमची फी भरून झालेली असते.

म्हणून घरी एक काम करा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवीची शेवटची गुणपत्रिका टेबलावर एकाखाली एक ठेवा आणि इंग्रजी नावाचं एकेक अक्षर बोटाने मोजत जा. आम्हीही काउंटरवर हेच करतो, पट्टी लावून. आमच्याकडे सापडणारे फरक असे :

संदीप : एका कागदावर 'डी'नंतर एक 'आय', दुसऱ्यावर दोन 'ई'.

ज्ञानेश्वर : दहावीला 'डी-एन'ने सुरू, आधारवर 'जी-वाय'ने.

वडिलांचं नाव : गुणपत्रिकेवर पांडुरंग, आधारवर पांडुरंगराव. मराठवाड्यातल्या ग्राहकांत हे इतकं आहे की आम्ही 'राव' आधी शोधतो.

आद्याक्षरं : आधारवर 'एस. बी. पाटील', गुणपत्रिकेवर पूर्ण नाव.

जन्मतारीख : जुन्या आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं. ते डिजिलॉकरच्या पायरीलाच अडतं.

नुसता क्रम उलटा असेल, म्हणजे गुणपत्रिकेवर आडनाव पुढे आणि आधारवर शेवटी, तर घाबरू नका. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गुणपत्रिका तशाच छापलेल्या असतात आणि तपासणाऱ्यांना ते माहीत असतं. अक्षर बदललं तर मात्र अडतं.

चूक सापडली तर कुठला कागद दुरुस्त करायचा? आमचा नियम : दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा. आधार त्याच्याशी जुळत नसेल तर आधार बदला. गुणपत्रिका जुळत नसेल तर विद्यापीठात दहावीचं प्रमाणपत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करा आणि हे सत्र सोडायची मनाची तयारी ठेवा.

आधारवरच्या नावासाठी आधार केंद्रावरच जा. तिथे न्यायचा पुरावा असा हवा की त्यावर तुमचा फोटो आहे आणि नाव अगदी हवं तसंच आहे : पॅन, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. पॅनवरही तीच चूक असेल तर आधी पॅन. मिळालेली पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकाने अर्ज कुठवर आलाय ते कळतं. साधारण महिनाभर धरून चाला.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा : आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. घाईत, स्पेलिंग न तपासता एक संधी घालवू नका. केंद्रावरचा माणूस टाइप करताना समोरच्या स्क्रीनकडे बघत राहा आणि सही करण्याआधी पावतीवरचं इंग्रजी नाव मोठ्याने वाचा. मराठी बरोबर आणि इंग्रजी चुकलेलं, असं सर्रास होतं.

आधार दुरुस्त झालं की काम संपलं, असं समजून लोक थेट आमच्याकडे येतात. डिजिलॉकरात जुनंच नाव बसलेलं असतं. तिथे जाऊन ई-केवायसी पुन्हा ताजी करावी लागते, मगच पुढच्या पायऱ्यांना हात लावायचा. डीईबी आयडी जुन्या नावाने आधीच काढून ठेवला असेल तर गुंता वाढतो. त्यामुळे "तोवर आयडी तरी काढून ठेवा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आधी नाव, नंतर आयडी.

लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंसाठी

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. दोन्ही कागद खरे आहेत, चुकलेलं काहीच नाही. फक्त मधला दुवा दाखवणारा कागद लागतो : विवाह नोंदणी प्रमाणपत्र, किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी. फॉर्म आधारवरच्या नावाने भरायचा आणि हा कागद गुणपत्रिकेसोबत जोडायचा.

प्रमाणपत्रावर तुमचं माहेरचं पूर्ण नाव आहे ना, ते बघा. नुसतं 'सौ. अमुक तमुक' असलेल्या मंगल कार्यालयाच्या किंवा संस्थेच्या दाखल्यावर माहेरचं नावच नसतं, मग दुवा कसला? लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्रावर भागेलच असं नाही. अशा वेळी राजपत्र काढून घ्या. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, आम्ही भरून देतो. प्रसिद्धीनंतर मिळणारी प्रत पुढे बँक, पॅन, पासपोर्ट सगळीकडे चालते, म्हणून एकदाच खर्च करा आणि पीडीएफ जपून ठेवा.

फॉर्मसाठी आधार परत माहेरच्या नावावर नेऊ का, असं काही जणी विचारतात. आम्ही नको म्हणतो. बँक खातं, रेशनकार्ड, लाभाच्या योजना सगळं त्या आधारला जोडलेलं असतं, आणि दोन संधींतली एक त्यात जाते.

मोबाइल आणि ईमेल तुमचाच

आम्ही दुकानाचा नंबर फॉर्मवर टाकत नाही. त्यावरून कुणी नाराज झालं तरी टाकत नाही. ओटीपी, परीक्षेचं वेळापत्रक, हॉल तिकिटाचा निरोप, दुसऱ्या वर्षाची आठवण, सगळं त्याच नंबरवर येतं. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, चालू आणि रिचार्ज केलेला. भावाचा नंबर जोडलेला असेल आणि भाऊ पुण्याला असेल तर त्याला फोनजवळ बसायला सांगून मगच निघा. ईमेलचा पासवर्ड आम्हाला सांगू नका, स्वतः टाइप करा. आम्ही खुर्ची वळवून बसतो.

कागद आणि फाइली

मूळ कागद आणा, झेरॉक्स नको. इग्नूच्या पोर्टलला फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत लागते, बाकीचे कागद २०० केबीच्या आत. ए-फोर गुणपत्रिका रंगीत आणि बारीक स्कॅन केली तर ती सहज एक-दोन एमबीची होते, मग लोक ती ॲपवर दाबून दाबून २०० केबीत बसवतात आणि गुण वाचताच येत नाहीत. आम्ही १५० डीपीआयला करड्या रंगात स्कॅन करतो : आकार बसतो आणि अक्षरही राहतं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साधा फोटो आधीच दबून येतो. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, ओळींच्या वहीत नको.

पदवी प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. झालं असेल तर सोलायच्या फंदात पडू नका, तसंच आणा.

जातीचा प्रवर्ग लावायचा असेल तर संस्था राज्याची की केंद्राची ते बघा. इग्नू किंवा सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून मिळणारी केंद्रीय विद्यापीठं असतील तर ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचं लागतं. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांचं असलं तरी तिथे चालत नाही. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग) राज्यापुरतं आहे.

फी कटली पण पावती नाही

लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एक दिवस थांबून स्थिती बघा. दोनदा गेलेले पैसे परत येतात, पण त्यांच्या मागे आम्हाला आणि तुम्हाला दोघांनाही लागावं लागतं.

प्रवेश झाल्यावर एक चूक मात्र इग्नूवाल्यांकडून दरवर्षी होते. पहिल्या वर्षाचे पेपर राहिले म्हणून दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी करत नाहीत. पास-नापासचा तिथे संबंध नाही, मुदतीत नोंदणी करायची आणि राहिलेले पेपर सोबत द्यायचे. किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, ही मोजणी तुमच्यासाठी थांबत नाही. गृहपाठाला ३० टक्के वजन आहे. तो न देता नुसती परीक्षा दिली तर तो विषय पूर्ण झालेला दिसत नाही.

आमचा दर

फॉर्म भरण्याचे १५० रुपये, स्कॅनिंग आणि प्रिंट त्यातच. विद्यापीठाची फी तुमच्या कार्डाने किंवा यूपीआयने थेट भरली जाते, आमच्या खात्यातून जात नाही. बाहेर पन्नासात भरून मिळतो, ते आम्हाला माहीत आहे. आमच्या पाऊण तासातली पहिली पंधरा मिनिटं नावं ताडण्यात जातात, म्हणून रांग हळू सरकते. नुसती नावं तपासून हवी असतील, फॉर्म कुठेही भरा, तर त्याचे पैसे घेत नाही. तीन कागद घेऊन दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी नसते.

शेवटच्या तारखेआधीच्या तीन दिवसांत, ज्यांचा डीईबी आयडी निघालेला नाही असे फॉर्म आम्ही घेत नाही. पोर्टल त्या दिवसांत रात्री अकरानंतरच नीट चालतं, आणि आमचं शटर नऊला खाली येतं.