पार्श्वभूमी: परदेशी स्वयंसेवक आणि गोव्यातली गावे

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की गोव्यात येणाऱ्या विदेशी तरुणांत काहीजण असेही असतात, ज्यांना किनाऱ्यावर नुसते पडून राहायचे नसते. कुणी कासवांच्या घरट्यांवर पहारा द्यायला येतो, कुणी भटक्या कुत्र्यांना लस टोचायला, तर कुणी सेंद्रिय बागायतीत राबून त्या बदल्यात जेवण आणि झोपायला जागा मिळवायला. आपल्याकडे हा प्रकार हौशी गोऱ्यांचा टाइमपास म्हणून झटकला जातो. मात्र या प्रथेला शंभर वर्षे उलटून गेली आहेत, आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांतच भारत आहे.

पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर कट्टर युद्धविरोधी होता. लष्करी कर भरायला नकार दिला म्हणून त्याने तुरुंगही पाहिला होता. १९२० मध्ये त्याने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका खेड्यात वेगवेगळ्या देशांच्या लोकांना घेऊन पुनर्बांधणीचे शिबिर सुरू केले. त्यात जर्मनही होते. गावाच्या जखमा ओल्या होत्या. कालच्या शत्रूने आपल्या शेतात फावडे मारावे हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावे लागले. हेतू कितीही चांगला असला तरी गावाची ना असेल तर काम होत नाही, हा धडा पहिल्याच शिबिराने दिला. तो पुढच्या पिढ्यांनी कितपत लक्षात ठेवला, हा वेगळा प्रश्न.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. सेरेसोल मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन तिथे आला. मदतकार्याची धुरा राजेंद्र प्रसादांकडे होती. म्हणजे पाहुणे मदतीला आले, पण सूत्रे इथल्या माणसांच्या हाती राहिली. युरोपबाहेर सेरेसोलच्या या स्वयंसेवक चळवळीने टाकलेले ते पहिले मोठे पाऊल.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे यात उतरली. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये परदेशी स्वयंसेवक पाठवणारी व्हीएसओ ही संस्था निघाली, १९६१ मध्ये केनेडींनी पीस कोअर ही अमेरिकी सरकारची स्वयंसेवक योजना स्थापन केली, आणि १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतःची स्वयंसेवक योजना मंजूर केली. पीस कोअर भारतात १९७६ पर्यंत होती. कुक्कुटपालन, शेती, आरोग्य अशा कामांवर अमेरिकी तरुण खेडोपाडी राहिले. तरुणच असे तरी का म्हणावे? पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन वयाच्या ६८व्या वर्षी या योजनेतून आल्या आणि मुंबईच्या विक्रोळीत परिचारिकेचे काम करून गेल्या.

गोवा तेव्हा नुकता मुक्त झाला होता. इथे साठ-सत्तरच्या दशकात जे विदेशी तरुण आले, ते हिप्पी, हणजुणेच्या किनाऱ्यावर, आणि वेगळ्याच कारणासाठी. पर्यावरणाचा लढा इथल्या माणसांनीच उभा केला. गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था १९८६ मधली. विदेशी स्वयंसेवक आले ते नंतर, बहुतेक प्राण्यांच्या निमित्ताने. त्यातले सर्वांत ठोस काम रेबीजचे. मिशन रेबीज या संस्थेच्या मोहिमेत परदेशी पशुवैद्यक आणि पशुवैद्यकीचे विद्यार्थी इथल्या पथकांसोबत गल्लीबोळांतून फिरले. जाळ्याने कुत्रा पकडायचा, लस टोचायची, अंगावर रंगाचा ठिपका द्यायचा, मोबाईलवर नोंद करायची, पुढचे घर गाठायचे. सोबत राज्य सरकार होते आणि शाळांमधून जनजागृतीही चालली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. देशात असे पहिलेच राज्य.

कासवांचेही गणित जुळते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात ती साधारण नोव्हेंबरपासून, म्हणजे पाहुण्यांच्याच दिवसांत. रात्रीचा पहारा, शॅकवाल्यांना दिवे मंद करायला सांगणे, पिल्ले समुद्राकडे जाईपर्यंत कुत्र्यांना हाकलणे ही कामे नवख्यालाही जमतात.

खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या शेतीचे, तसे नाही. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगितले जाते. खाडीचे खारे पाणी अडवणारा मातीचा बांध आणि त्यात बसवलेली मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारी झडप, यावर ती सगळी उभी आहे. मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. खेकड्यांनी पोखरलेले भोक वेळीच बुजवले नाही, तर एका उधाणात शेत खारवते. ही डागडुजी पावसाआधी, एप्रिल-मेच्या उकाड्यात करावी लागते, आणि तेव्हा विदेशी तरुण हिमाचलात गेलेले असतात. पूर्वी हे काम गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामुदायिक संस्था, पाहत असे. कुळकायद्यानंतर ते कूळ संघटनांकडे आले, आणि आज बऱ्याच ठिकाणी बांध कुणी बांधायचा यावरच घोडे अडते. चार हात बाहेरून आले तरी हा तिढा सुटणार नाही.

अशा सेवाभावी पाहुण्यांबद्दलच्या संशयालाही इतिहास आहे. मडगावात अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल त्याला १९९६ मध्ये जन्मठेप झाली. समाजसेवक म्हणून मिरवणाऱ्या माणसाचे हे रूप पाहून गोवा हादरला. पुढे २००३ मध्ये राज्याने स्वतःचा बाल कायदा केला. चार आठवड्यांसाठी येणाऱ्या कुणालाही, गोरा असो वा काळा, मुलांच्या आश्रमात सोडू नये असेच मला वाटते.

व्हिसाचे नियमही आता स्पष्ट आहेत. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा करता येते ती जास्तीत जास्त एक महिना. संस्थेत लांब मुक्काम करायचा तर वेगळा व्हिसा लागतो. उलट्या दिशेची दारे मात्र हळूहळू किलकिली होत आहेत. जर्मनीच्या २००८ च्या वेल्टवेर्ट्स या स्वयंसेवक योजनेत २०१३ पासून आपल्यासारख्या देशांतल्या तरुणांनाही जर्मनीत जाऊन काम करता येते. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर ही युरोपीय संघाची स्वयंसेवक योजना १८ ते ३० वयोगटासाठी आहे, तेव्हा पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या गोंयकार घरांतली मुलेही त्यात अर्ज करू शकतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या आजोबांनी मानशीची दारे सांभाळली असतील, तर तिकडच्या पाणथळ जमिनीवर राबताना त्याला बरेच काही आधीच ठाऊक असेल.