ई-सायकल गाडीमागे टांगताना किलो तर बघाच, पण अंतर पण बघा

साधी सायकल गाडीमागच्या ज्या कॅरियरवर जाते त्याच्यावर ई-सायकल पण जाईलच असं धरून आपल्याकडची मंडळी सातपुड्यातल्या तोरणमाळला निघू राहिली, आणि मला खरंच काळजी वाटते. साधी गिअरची सायकल 12 ते 15 किलोची असते, ई-सायकल 20 ते 28 किलोची, म्हणजे जवळपास दुप्पट. डिकीला पट्ट्यांनी बांधायचे जे स्वस्तातले कॅरियर मिळतात त्यातल्या बऱ्याच कॅरियरवर एका सायकलमागे 15 किलो असंच छापलेलं असतं, ते स्टिकर कोणी वाचत नाही. "तीन सायकलींचं कॅरियर आहे, दोन ई-सायकली आरामात जातील भाऊ" हा हिशोब चुकतो, कारण एकूण वजन बसत असलं तरी प्रत्येक आडव्या दांडीवर आणि क्लॅम्पवर येणारा भार वेगळाच असतो.

पण खरी गोष्ट वजनाच्या पुढची आहे, ते वजन कुठे लटकलंय ही. समजा दोन ई-सायकली 50 किलोच्या आणि कॅरियर 15 चं, झाले 65 किलो. हे ओझं मागच्या चाकांच्या ॲक्सलपासून साधारण 1.2 मीटर मागे आहे आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.5 मीटर धरलं, तर 65 ला 1.2 ने गुणा आणि 2.5 ने भागा, उत्तर येतं 31. एवढे किलो पुढच्या चाकांवरून चक्क कमी होतात, आणि मागच्या चाकांवर 65 न येता 96 येतात. तरफेचा साधा नियम आहे, शाळेत शिकलेला. आता आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना मिळतो, म्हणजे म्हसावद सोडून सातपुड्यात घाट चढायला लागलं की जी चाकं गाडी ओढणार त्यांचीच पकड थोडी सैल होते, चढावर वजन तसंही मागे सरकतं, त्यात पावसाची ओल किंवा वळणावर बारीक खडी असली तर स्टेअरिंग हलकं हलकं लागतं. गाडीचं नाक वर झाल्यामुळे हेडलाइट पण समोरच्याच्या डोळ्यात जातात, म्हणून संध्याकाळी निघणार असाल तर हेडलाइटचं लेव्हलचं बटण खाली करून घ्या.

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेला माणूस खड्ड्यात सगळ्यात जास्त का उडतो ते आपल्याला चांगलं माहितीये. कॅरियर तर त्या सीटच्याही मागे असतं. गतिरोधकावर मागची चाकं चढून उतरली की सायकलीला वरच्या दिशेने जोराचा झटका बसतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट त्वरणाचा असला तर 25 किलोची सायकल त्या क्षणापुरती 75 किलोसारखी दाबते. एकदा असं झालं तर लोखंड सहन करतं, पण धुळ्यापासून शहाद्यापर्यंत हजारो वेळा लहान लहान झटके बसत राहतात आणि धातू थकतो, वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस अचानक तुटतं. म्हणून टो-हिच, म्हणजे कॅरियर अडकवायला गाडीच्या मागे खालून बसवतात तो लोखंडी जोड, गल्लीतल्या वेल्डरकडून बनवून घ्यायचा विचार असेल तर माझं ठाम मत आहे की नका घेऊ, किती भार झेलेल याची परीक्षा केलेलीच हिच घ्या.

पट्ट्यांचं कॅरियर असेल तर डिकीच्या वरच्या काठावर अडकवलेला हुक एकदा जवळून बघा. त्याच्यावर रबरी आवरण असतं, त्याच्याखाली आपल्याकडची बारीक काळी धूळ जाऊन बसते आणि गाडी थरथरते तशी ती पॉलिश पेपरसारखी रंग घासते, प्रवासानंतर हुक काढला की तिथे चंद्रकोरीसारखा मळकट पट्टा दिसतो. बांधायच्या आधी ओल्या फडक्याने जागा पुसली तर हे बरंच टळतं. नायलॉनचा पट्टा भार पडला, भिजला की ताणतो पण, तर निघाल्यावर 20-25 किलोमीटरवर थांबून परत आवळायचाच. पुढचं चाक आणि हँडल फ्रेमला बांधून टाका, नाहीतर ते सारखं हलतं आणि बाकीचं सगळं ढिलं करतं.

टपावर ठेवायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. बऱ्याच गाड्यांच्या टपाची मर्यादा रॅक धरून 50 ते 75 किलो असते, 25 किलो डोक्याच्या वर उचलणं हे कंबरेचं काम, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 केलं की तो दीडपटीच्या वर जातो. शिवाय आपल्याकडे रेल्वेखालचे बुटके बोगदे आहेत, सायकल टपावर आहे हे विसरायला एक क्षण पुरतो.

बॅटरी मात्र काढायचीच, यात दुसरं मत नाही. 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॉट-अवर ऊर्जा, वजन 3 किलोच्या आसपास, काढली की तेवढं ओझं कमी होतं आणि सतत थरथरून तिचे कनेक्टर ढिले होत नाहीत. पावसाचा मुद्दा याहून मोठा. मोठा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटर वेगाने पडतो, गाडी 80 ने चालली की वाऱ्यात उघड्या सायकलीला तो 24 मीटरने आपटतो, म्हणजे ऊर्जा सातपट, आणि सायकल पावसात चालवायला बनवलेली असली तरी एवढ्या माऱ्यासाठी नसते. बॅटरीच्या जागेतले पितळी टोक आणि डिस्प्ले प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून टेप लावा, पण अख्ख्या सायकलीवर ताडपत्री टाकू नका, ती शिडासारखी फुगते.

काढलेली बॅटरी गाडीत पायाजवळ, चादरीत गुंडाळून, हलणार नाही अशी. आता आपल्याकडचा उन्हाळा, भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, अशा वेळी ढाब्यावर शेवभाजी खायला गाडी उन्हात लावली तर बंद काचांच्या आत 60 च्या वर तापमान जातं. लिथियम बॅटरीचं वय उष्णतेने झपाट्याने वाढतं, ढोबळ नियम असा की दर 10 अंशाला रासायनिक झीज दुप्पट, आणि ती पूर्ण चार्ज असेल तर अजून जास्त. म्हणून निघताना 50-60 टक्के चार्ज ठेवा आणि जेवायला उतरताना बॅटरी बॅगेत घालून बरोबर घ्या, थोडं जड जातं, पण घ्या. नंबर प्लेट आणि मागचे दिवे सायकलीखाली झाकले जात असतील तर लाइट-बोर्ड, म्हणजे दिवे आणि नंबर प्लेट असलेली पट्टी, सायकलींच्या मागे लावा, मागच्याला तुमचा ब्रेक दिसलाच पाहिजे.

वर पोचल्यावर टोकं कोरडी आहेत का बघून बॅटरी बसवा. चार्ज करायची असेल तर आधी हात लावून बघा, कारण बहुतेक लिथियम सेलला 45 अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही, गरम लागली तर तास-दीड तास सावलीत ठेवा आणि मगच चार्जर लावा.