हार्ड डिस्क एक, वह्या तीन

मॅकवर भरलेली हार्ड डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली की 'आधी फॉरमॅट करा' असा संदेश येतो. आत घरातल्या लग्नाचे फोटो असतील तर छातीत धस्स होतं. डिस्क बिघडलेली नसते. कोणती फाइल कुठून कुठवर पसरली आहे, याचा तिच्यातला सातबारा विंडोजला वाचता येत नाही, इतकंच. हा सातबारा म्हणजे फाइल सिस्टिम, आणि तो प्रत्येकाने आपल्याच पद्धतीने लिहिला. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एनटीएफएस आणली, ॲपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस आणि २०१७ मध्ये एपीएफएस. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं ईएक्सटी घराणं आणखी निराळं.

सगळ्यांना वाचता येईल अशी एकच जुनी वही होती, फॅट. १९७७ मध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी ती मायक्रोसॉफ्टच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेसाठी रचली, तीही फ्लॉपीपुरती. साधी असल्यामुळेच ती कॅमेऱ्यांत, टीव्हींत, सगळीकडे शिरली. १९९६ च्या फॅट३२ मध्ये फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचा रकाना ठेवला होता, म्हणून एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. तेव्हा एवढी मोठी फाइल कोणाकडे होती? पुढे तासभराचं एचडी चित्रीकरण हातात आलं आणि हा रकाना अपुरा पडला.

एनटीएफएसमध्ये ही अडचण नव्हती, पण मॅक ती डिस्क नुसती वाचतो. तिच्यावर लिहायचं तर वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवाल्यांची सोय २००७ मध्ये एनटीएफएस-३जी या अशाच सॉफ्टवेअरच्या स्थिर आवृत्तीने झाली.

मधला मार्ग मायक्रोसॉफ्टने २००६ मध्येच काढला होता: एक्सफॅट. ४ जीबीची अट नाही आणि रचना हलकी. २००९ मध्ये एसडीएक्ससी मेमरी कार्डांनी ती स्वीकारली, २०१० मध्ये मॅकनेही. अडलं ते लिनक्सचं घोडं, आणि तेही तंत्रापायी नव्हे, मायक्रोसॉफ्टच्या पेटंटपायी. ही भीती पोकळ नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्सवर चालणारी रस्ता दाखवणारी उपकरणं बनवणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीवर दावा लावला होता, त्यात फॅटमधल्या फाइलींच्या लांब नावांची पेटंटं होती. (आधी नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन एवढीच जागा असायची. लांब नावं युनिकोडमध्ये साठवायची सोय झाली, म्हणून आज पेनड्राइव्हवर 'आजीची पंचाहत्तरी' असं फोल्डर ठेवता येतं.) महिन्याभरात तडजोड झाली, पण धसका राहिला. एक्सफॅटचं पॅकेज लिनक्सवर ज्याचं त्याने वेगळं बसवायचं, असं कित्येक वर्षं चाललं.

२८ ऑगस्ट २०१९ ला मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि लिनक्समध्ये तिला घ्यायला पाठिंबा दिला. त्याच वर्षी लिनक्स ५.४ मध्ये एक्सफॅट वाचणारा-लिहिणारा कच्चा ड्रायव्हर आला, २०२० मध्ये ५.७ मध्ये सॅमसंगचा चांगला. तांत्रिक काम थोडं, कागदोपत्री रखडणं तेरा वर्षांचं!

म्हणून आज तिन्हीकडे फिरवायच्या डिस्कला एक्सफॅट करतात. तिला जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद, नाही; त्यामुळे लिहिणं चालू असताना केबल ओढली तर वही अर्धवट राहू शकते; इजेक्ट करूनच काढावी. शिवाय मॅकचं टाइम मशीन एक्सफॅटवर बॅकअप घेत नाही. त्यासाठी डिस्कचा एक तुकडा एपीएफएसला तोडून द्यावा लागतो, आणि तो विंडोजला पुन्हा परकाच.