अंधारात न चमकणारी घड्याळं

1960 च्या दशकातलं रोलेक्सचं सबमरिनर घड्याळ कुणी विकायला काढलं, की जाणतं गिऱ्हाईक आधी टॉर्च काढतं. डायलवरच्या ठिपक्यांवर उजेड मारायचा, टॉर्च बंद करायचा आणि बघत राहायचं. ठिपके बराच वेळ लख्ख हिरवे चमकत राहिले, तर भाव तिथेच कोसळतो.

पाणबुड्यांना, वैमानिकांना अंधारात वेळ दिसावी म्हणून काट्यांवर आणि डायलवरच्या ठिपक्यांवर झिंक सल्फाइडचा लेप देत आणि त्यात किरणोत्सारी पदार्थ मिसळत. त्याच्या कणांच्या माऱ्यानं सल्फाइडचे स्फटिक आपोआप उजळत. आधी हा पदार्थ रेडियम होता. 1960 च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमनं घेतली.

आता हिशेब बघा. ट्रिटियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 12.3 वर्षं, म्हणजे 60 वर्षांत ते जेमतेम 3 टक्के उरतं. रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षं. 1955 च्या घड्याळात ते आजही 97 टक्के शाबूत आहे. तरी काळोखात दोन्ही मुकीच! रेडियमच्या माऱ्यानं स्फटिकांचीच वाट लागलेली असते. तेल भरपूर, वात मात्र जळून गेलेली.

ट्रिटियमचा जुना लेप टॉर्चच्या उजेडानं किंचित उजळतो आणि काही क्षणांत विझतो. तासन् तास चमकतो तो स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा लेप. तो जपानच्या नेमोतो कंपनीनं 1993 मध्ये काढला. डायलच्या तळाशी ट्रिटियमची खूण म्हणून ‘टी स्विस टी’ छापलंय आणि ठिपके मात्र रात्रभर चमकतायत, तर मधे कुणाचा तरी हात फिरलाय हे नक्की. आपल्याकडे नव्यानं रंगवलेल्या अशा घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ही काही शाबासकी नव्हे.

रेडियमची खूण वेगळी. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल, तर काटे जिथे थांबले तिथे खालच्या डायलवर काट्याच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. काटा सरकवला की तो डाग दिसतो. डायल नवी टाकली असेल तर तो कुठून येणार? मला तरी हा डाग कुठल्याही प्रमाणपत्राहून भरवशाचा वाटतो.

पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी 1950 च्या दशकात काढलेल्या रोलेक्सच्या जीएमटी मास्टर घड्याळावर तर बाहेरच्या बेकलाइटच्या (एक जुनं प्लास्टिक) कड्यातले आकडेही रेडियमचे होते. बेकलाइट ठिसूळ, त्याला तडे जात. म्हणून लवकरच अॅल्युमिनियम आलं. मूळ कडं टिकलेलं घड्याळ आज फार थोड्यांकडे आहे, आणि किंमत त्याचीच.

फक्त ते उघडू नका. रेडियमचे अल्फा कण काचेपलीकडे जात नाहीत, पण सुटलेला भुगा श्वासातून किंवा तोंडावाटे पोटात गेला तर हाडांत जाऊन बसतो. 1920 च्या दशकात न्यू जर्सीत डायल रंगवणाऱ्या मुली टोक काढायला ब्रश ओठांत धरत. कित्येकींचे जबडे सडले, काही दगावल्या. रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सारी वायूही झिरपत राहतो, तेव्हा अशी पाचदहा घड्याळं झोपायच्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवू नयेत.