खटका पडत नाही तेव्हा

अंगठ्याने लिव्हर दाबली, ती खिळखिळ्या कडीसारखी नुसतीच आत गेली आणि परत आली. ‘टक्’ झालं नाही, साखळी जिथल्या तिथे. महिनोन् महिने पडून असलेली गिअरची सायकल बाहेर काढली की हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. माझ्या सायकलचं असं झालं, तेव्हा शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची यंत्रणा, कामातून गेला असं समजून मी नवा घ्यायच्या तयारीत होतो. आत काहीही मोडलेलं नव्हतं. ग्रीस आटून चिकट झालं होतं, एवढंच.

लिव्हरच्या मागे एक दातेरी चकती असते आणि गिअरची केबल तिच्यावर गुंडाळली जाते. लिव्हर दाबली की एक छोटा खटका दात्यात अडकून चकतीला एक घर पुढे ढकलतो. दुसरा खटका ती मागे फिरू नये म्हणून धरून ठेवतो. फ्रीव्हीलमध्येही असेच खटके असतात, सायकल दुरुस्त करणारे त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. शिफ्टरमधले मात्र नखाएवढे, आणि त्यांना दात्यांवर दाबून धरणारी स्प्रिंग तारेच्या तुकड्यासारखी बारीक.

आता ग्रीसचं बघा. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वजनाच्या हिशेबात बहुतेक भाग तेलाचाच. वर्षं जातात तसं तेल जाळीतून झिरपून जातं, उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते राळेसारखं घट्ट होतं. त्या चिकट्यात खटका रुतून बसतो आणि बिचाऱ्या स्प्रिंगला तो उचलून दात्यात घालता येत नाही. थंडीत हे आणखी वाढतं. पहाटे रुसलेला शिफ्टर दुपारी उन्हात ठेवल्यावर चालू लागला, तर दोष ग्रीसचाच समजा.

पण लिव्हर फुकट फिरणं वेगळं आणि जड लागणं वेगळं. जड लागते तेव्हा शिफ्टर बहुधा निर्दोष असतो, गुन्हेगार असते केबल. दोघांना वेगळं करून तपासायला एक सोपी युक्ती आहे. मागचं चाक उचलून पेडल फिरवा आणि साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर न्या. मग पेडल थांबवून, चाक न फिरवता, शिफ्टरने सगळे गिअर खाली उतरवा. साखळी जागची हलत नाही, पण केबल ढिली पडते. फ्रेमवरच्या खाचा उघड्या असतील तर केबलचं आवरण त्यातून हाताने बाहेर काढता येतं. आता लिव्हर दाबून पाहा. हलकी चालली तर शिफ्टर ठीक. मग आवरण केबलवर मागेपुढे सरकवा. जिथे खरखरेल तिथे घाण, गंज किंवा मोडलेला बाक.

बाकांचं हे गणित मला फार आवडतं. खांबाला दोराचे दोन वेढे दिले की एकटा माणूस मोठा भार रोखून धरतो, कारण घर्षणाचा परिणाम बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. आवरणात वळलेल्या केबलचंही तसंच. हँडलपासून मागच्या चाकापर्यंतचे सगळे बाक मिळून एक पूर्ण फेरा झाला असं धरू. घर्षणाचा गुणांक ०.१ असेल, तर पलीकडे एक किलोची ओढ पोचवायला अंगठ्याच्या बाजूने जवळपास १.९ किलोची ओढ लागते. गंजामुळे गुणांक ०.२ झाला की तीच ३.५ किलोवर जाते. म्हणून गंजलेल्या केबलला तेलाचा थेंब हे तात्पुरतं औषध. केबल आणि आवरण दोन्ही बदलणं हा खरा उपाय. आवरण गिअरचंच घ्या. ब्रेकच्या साध्या आवरणात तारेची गुंडाळी असते, वळवल्यावर तिची लांबी किंचित बदलते. ब्रेकला ते चालतं, गिअरला नाही. शिमानोच्या नेहमीच्या ८ गिअरच्या रचनेत एका खटक्याला केबल सुमारे २.८ मिलिमीटर सरकते आणि साखळी ४.८ मिलिमीटर. म्हणजे केबलची एक मिलिमीटरची चूक मागे जवळपास पावणेदोनपट होऊन निघते.

अजून एक खूण. मोठ्या चक्रावर साखळी तुमचा अंगठा चढवतो, लहान चक्रावर तिला आणते मागच्या डिरेल्यरची (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग, एकटी. अंगठा जोर वाढवू शकतो, स्प्रिंग नाही. त्यामुळे गिअर चढताना ठीक पण उतरताना रेंगाळत असतील, तर आधी घर्षणाचा संशय घ्या.

खटकेच रुतले असतील तर शिफ्टर उघडू नका. एखादी स्प्रिंग उडाली की ती फरशीवर शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि सापडली तरी कुठून उडाली ते आठवत नाही. बाहेरचं झाकण एखाददुसऱ्या स्क्रूवर असेल तर तेवढंच काढा. खाली फडकं धरा, ब्रेकच्या डिस्कवर किंवा रिमवर फवारा जाऊ देऊ नका. डब्ल्यूडी-४० सारखा पातळ, भेदक फवारा फटीतून आत मारा, दहा मिनिटं थांबा, मग लिव्हर पन्नास-साठ वेळा दाबा. काळपट चिखल बाहेर येईल. पुसा, पुन्हा मारा. सुरुवातीला दहातला एखादा खटका पडतो, मग तीन, मग सगळे. माझ्या शिफ्टरला तीन खेपा लागल्या. शेवटी पातळ तेलाचे दोन-चार थेंब आत सोडायला विसरू नका, कारण फवाऱ्याने चिकटा गेला तसं उरलंसुरलं वंगणही गेलेलं असतं.

याने काहीच झालं नाही, तर झाकण काढून केबलच्या टोकाचा धातूचा गोळा आणि त्याजवळची केबल तपासा. केबल १९ बारीक तारांची असते, आणि चकतीवर ती सगळ्यात तीव्र वळते तिथेच एकेक तार तुटत जाते. तुटलेलं केसाएवढं टोक चकतीत अडकलं की लिव्हर अर्ध्यावर थांबते. ते चिमट्याने काढा, सगळे तुकडे निघालेत ना ते बघा आणि नवी केबल घाला. पहिल्या काही फेऱ्यांत आवरणाची टोकं टोप्यांमध्ये नीट बसतात, केबल ढिली पडल्यासारखी वाटते आणि साखळी मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरते. तेव्हा केबल डिरेल्यरमध्ये शिरते तिथली गोल फिरकी, ती बाहेर निघेल अशा दिशेने, पाव फेरा फिरवून पाहा, नाही भागलं तर आणखी पाव.