रिद्धपूरच का? मराठी गद्याच्या उगमाची पार्श्वभूमी

2023 च्या राज्य अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली, तेव्हा ते पुण्या-मुंबईत न होता अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला का, असं अनेकांनी विचारलं. ज्यांनी लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा जुना मराठी गद्यग्रंथ, वाचलाय त्यांना हा प्रश्न पडला नसणार.

गोविंदप्रभू याच गावचे. त्यांना गुरू मानणारे चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे, पण त्यांनी सगळं निरूपण केलं ते मराठीत. ते उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी येऊन राहिले. स्वामींचा शब्द आता फक्त माणसांच्या आठवणीत उरला होता. पंथातल्याच म्हाइंभटांनी तो गोळा करायला घेतला. ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठायचं, विचारायचं आणि नागदेवाचार्यांकडून खातरजमा करून घ्यायची, अशी त्यांची रीत. एखादा प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर कोणाचं म्हणणं काय, हेही पोथीत नावानिशी नोंदलेलं सापडतं. इतकी सचोटी आजही दुर्मीळ आहे. त्यातून तयार झालेलं लीळाचरित्र साधारण 1278 चं मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या बारा वर्षं आधीचं. वाक्यं छोटी, संवाद बोलीतले. कोण कुठे उतरलं, काय जेवलं, कशावरून रुसलं, सगळं त्यात येतं.

हे सारं मराठीतच राहिलं, यामागे नागदेवाचार्यांचा आग्रह होता. त्यांचे शिष्य केशोबास संस्कृतचे मोठे पंडित. संस्कृतात लिहू नका, ‘येणें माझिया म्हातारिया नागवतील’ (त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील), असं आचार्यांनी त्यांना बजावल्याचं स्मृतिस्थळ या आचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथात आहे. पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ज्ञान मिळालं पाहिजे, ही त्यांची अट. त्या बायाही नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. सतत प्रश्न विचारणाऱ्या महदाइसेने रिद्धपूरलाच ‘धवळे’ म्हणजे लग्नगीतं रचली आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. केशोबासांनी पुढे स्वामींची वचनं सूत्रपाठात आणली आणि 114 दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. आंधळे आणि हत्तीची गोष्ट तिथे मराठीत वाचायला मिळते.

पुढे मात्र उलटंच घडलं. पोथ्या परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून चौदाव्या शतकापासून त्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. त्यातली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. अक्षरं ओळखीची, पण एकाच्या जागी दुसरं. किल्ली ठाऊक नसेल तर वाचणाऱ्याला निव्वळ निरर्थक अक्षरं दिसायची. पंथ पंजाबपर्यंत गेला, तिथे तो जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला जातो. पोथ्याही मठामठांत जपल्या गेल्या, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्यांचा पत्ता नव्हता. म्हातारीला समजावं म्हणून लिहिलेलं वाङ्मय पंडितांनाही वाचता येईना, याची खंत वाटते. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी गद्य घडलं, ते या पूर्वजाची ओळख नसताना. आपल्या गद्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी तूट आहे, असं मला वाटतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्यामुळे हा ठेवा अभ्यासकांपुढे आला. भाव्यांना काही महंतांचं साहाय्य मिळालं, हे आवर्जून सांगायला हवं. हरि नारायण नेने यांनी 1936-37 च्या सुमारास लीळाचरित्र छापलं. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 ची. मूळ प्रत धामधुमीत हरवल्यावर ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला गेला, असं परंपरा सांगते; त्यामुळे त्याचे अनेक पाठ आहेत आणि ते ताडून पाहण्याचं काम बरंच बाकी आहे. नव्या विद्यापीठाने ते आधी हाती घ्यावं.