खुराडे बांधताना आधी वाऱ्याचा विचार

परसात खुराडे बांधायला घेतले की डोळ्यांसमोर आधी मुंगूस येते आणि मग चारही भिंती बंद होत जातात. हिशेब खरे तर पाण्यापासून सुरू करायला हवा. दीड-दोन किलोची कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम विष्ठा टाकते, त्यात पाऊण हिस्सा पाणीच असते. म्हणजे सहा कोंबड्यांमागे रोज अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी, शिवाय श्वासातली वाफ वेगळी. तिला बाहेर जायला वाट नसेल तर खाली पसरलेले तूस ओले होते आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवर दिसणारा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. कोरड्या तुसात ते बरेच दिवस तसेच राहते. ओल मिळाली की जिवाणू त्यापासून अमोनिया तयार करतात. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात. अमोनियाने नेमके हेच तंतू निकामी होतात, मग साधी सर्दीही लांबते. वास तपासायचा तर पहाटे दार उघडल्या उघडल्या, वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन तपासावा. उभ्याने काही कळत नाही, आणि आत थोडा वेळ थांबले की नाक त्या वासाला सरावते.

सहा गावठी किंवा गिरिराज (परसात पाळायची सुधारित जात) कोंबड्यांसाठी 6 फूट बाय 4 फूट जागा पुरते. जोते एक फूट उंच घ्यावे आणि वर 2 इंच कोबा करून दाराकडे इंचभर उतार ठेवावा. नुसत्या मातीच्या जमिनीत घुशी बिळे पाडतात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड भिंतींवर पडते. महाराष्ट्रात मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडे दोन फूट वळचण काढली की आत ऊन येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही 50 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे हिवाळ्यात ऊन आपोआप आत पोहोचते. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवावी, कारण पावसाची झड तिकडूनच येते. उत्तर-दक्षिण भिंती खाली दीड फूट विटांच्या, वर छपरापर्यंत जाळी. छपराला 3 फूट रुंदीचे, 8 फूट लांबीचे तीन पत्रे लागतात. समोरची उंची 7 फूट, मागची 6.

जाळीत पैसे वाचवू नयेत. षटकोनी छिद्रांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा रानमांजराला बाहेर ठेवू शकत नाही. अर्धा इंची वेल्ड जाळी घ्यावी आणि ती नुसत्या खिळ्यांनी न ठोकता वर लाकडी पट्टी धरून स्क्रूने आवळावी. खिळे ओढले की निघतात. बाहेर फिरण्यासाठी जाळीचे आवार करणार असाल तर कडेची जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवून मातीखाली दाबावी. खणणारा प्राणी नेहमी भिंतीच्या पायथ्याशीच सुरुवात करतो आणि त्याला पायाखाली तारच लागते. साध्या आकड्याची कडी उचलली जाते, म्हणून कोयंडा आणि त्यात पिन.

आता उन्हाळा. कोंबडीचे शरीर 41-42 अंश सेल्सिअस तापमानाचे असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते, तोंडातली ओल वाफ होऊन जाते आणि शरीर थंड होते. पण धापांबरोबर कार्बन डायऑक्साइडही भसाभस बाहेर पडतो. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यातल्या कार्बोनेटचा पुरवठा रक्तातूनच होतो, म्हणून मे महिन्यात कवच पातळ निघते. अशा वेळी खाद्यात कॅल्शियमसाठी नुसते शिंपले वाढवून भागत नाही. पत्र्याला वरून चुना द्यावा, त्यावर झावळ्या किंवा पेंढा टाकावा. विदर्भातल्या कोरड्या उन्हात जाळीवर ओले गोणपाट टाकले तर चांगला फरक पडतो. कोकणात हा उपाय करू नये! तिथल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही आणि गोणपाट उलट वारा अडवते.

बसायला दांडी लाकडीच हवी, 2 इंच जाडीची, कडा तासलेली. कोंबडी बसली की पाय दुमडतो, मागचा स्नायुबंध ताणला जातो आणि बोटे आपोआप मिटतात. लोखंडी पाइपावर ती घसरतात. दांडी जमिनीपासून दोन फुटांवर, भिंतीपासून 10 इंच दूर आणि खाचेत ठेवलेली, म्हणजे हवी तेव्हा काढता येते. सहाजणींना सलग 5 फूट लांबी पुरते. अंड्यांसाठी 12 इंची दोन खोकी, दांडीपेक्षा खाली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. कोंबडीला झोपायला सगळ्यांत उंच जागा लागते. खोकी वर असतील तर ती त्यातच झोपते आणि अंडी घाण होतात.

तुसाचा थर 3 इंच, आठवड्यातून दोनदा दाताळ्याने हलवलेला. मूठभर तूस दाबून पाहावे: गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, सैल होऊन फुटला तर ठीक, धूळ उडाली तर फारच कोरडे. ओल शोषायला चुना टाकतात, पण चुना अल्कधर्मी असल्याने तुसात अडकलेला अमोनिया तो एकदम मोकळा करतो. त्यामुळे हे काम सकाळी, कोंबड्या बाहेर सोडून करावे. पाण्याचे भांडे शक्यतो बाहेर, आणि उरलेले खाद्य रात्री आत ठेवू नये, उंदीर त्याच्यामागे येतात.

दांडीच्या खाचांमध्ये आणि बांबूच्या सांध्यांत तांबड्या पिसवांसारखे बारीक कोळी-कीटक दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. अंधार पडल्यावर दांडीच्या खालून पांढरे फडके फिरवावे. त्यावर लाल रेघ उमटली तर दांडी काढून उकळते पाणी ओतावे आणि फटी बुजवाव्यात. शक्य असेल तिथे बांबूऐवजी तासलेले लाकूड वापरलेले बरे.